धुतलेलं विमान

बजाजनगरात सोनाजी डोईफोडे यांचं घर कुठं म्हणून विचारलं, तर रिक्षावाला घर दाखवतो आणि वर एक सल्ला देतो, "गाडी त्यांच्या फाटकासमोर लावू नका." आडनावाला जागणारा माणूस आहे. दूधवाला, केबलवाला, नळाचा व्हॉल्व्ह सोडणारा, सगळ्यांशी त्यांचं एकदा तरी वाजलेलं आहे, आणि गंमत म्हणजे दहातल्या आठ वेळा बरोबर तेच होते. त्यांच्या पत्नी केसरबाई म्हणतात, "लोकांच्या नाकावर राग बसतो. ह्यांच्या नाकावर त्यानं घर बांधलंय."

या रागाला पगारही मिळत होता. वाळूजच्या एका दुचाकीच्या कारखान्यात सोनाजींनी पस्तीस वर्षं पेंट शॉपमध्ये काढली. रंगवून आलेली पेट्रोलची टाकी ट्यूबलाइटच्या उजेडात फिरवायची आणि खोट काढायची, एवढंच काम. रंगाखाली धुळीचा एक कण अडकलेला दिसला की टाकी बाद. सोनाजींच्या हातून खोट असलेली टाकी पुढे गेली असं कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, खोट काढणं काही थांबलं नाही. घरातल्या स्टीलच्या डब्यांवरचे ओरखडे मोजायला लागले, तेव्हा मात्र केसरबाई धास्तावल्या.

मग विमानं आली. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत येतात, ते कापायचे, जोडायचे, रंगवायचे. पुतणी प्रेरणा पुण्याला नोकरी करते, तिनं काकांचा वेळ जावा म्हणून पहिली पेटी पाठवली. पहिली दोन विमानं सोनाजींनी टाकीसारखीच रंगवली. आरशासारखी झाली. कपाटावर ठेवली, आणि दोन दिवसांत त्यांचाच जीव त्या विमानांना विटला. कारण त्यांना दादाचं बोलणं आठवलं. एकदा कॅलेंडरवरच्या लढाऊ विमानाचा फोटो बघून दादा हसला होता. म्हणाला होता, "असं विमान म्या जन्मात बघितलं नाय. ह्याच्याखाली कुणी झोपलेलंच नाय."

दादा म्हणजे थोरला भाऊ रामप्रसाद. वडील पैठणच्या बाजूला मेंढरं राखायचे. रामप्रसाद हवाई दलात फिटर म्हणून लागला, मिग-एकवीस विमानांच्या देखभालीवर, तेव्हा वडिलांनी साऱ्या गावाला सांगितलं, "मी मेंढरं राखतो, माझा थोरला इमानं राखतो." गावाला हे लगेच कळलं. शहराला कधीच कळलं नाही. भाऊ हवाई दलात होता म्हटलं की समोरचा विचारणार, "विमान चालवायचे का?" नाही म्हटलं की समोरचा म्हणणार, "मग?"

त्या "मग"चा सोनाजींना जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही. वीस वर्षं माणूस उन्हात तापलेल्या पत्र्याखाली उताणा पडून नटबोल्टांवर पाने फिरवतो, त्याच्या सहीशिवाय विमान जमीन सोडत नाही, आणि तुम्ही विचारता, मग? नोकरी संपवून रामप्रसाद गाव जवळ म्हणून इकडे परतला, मुकुंदवाडीत दोन खोल्या बांधल्या, एका गोदामावर पहारेकरी झाला आणि चार वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. शोकसभेत छावणीतल्या माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी भाषण केलं, त्यात आकाश आलं, भरारी आली, गरुड आला. पाना आला नाही. सोनाजी सभेतून उठून गेले होते.

यंदा पावसाळ्यात बातमी आली की मिग-एकवीस सप्टेंबरात सेवेतून निवृत्त होणार. सोनाजींनी त्याच दिवशी प्रेरणाला फोन करून त्या विमानाची पेटी मागवली. जेमतेम एक फूट लांबीचं विमान. त्यावर त्यांनी अडीच महिने घालवले. रंगवायला आठ दिवस गेले, बाकी सगळा वेळ ते मळवण्यात गेला.

आयुष्यभर धुळीशी वैर केलेल्या माणसाला मळवणं जड गेलं. चंदेरी रंगावर पत्र्यांच्या जोडांच्या रेघा असतात, त्यांत पातळ केलेला तपकिरी ऑइल कलर सोडायचा आणि अर्धवट वाळला की पुसायचा, म्हणजे रेघेत मळ राहतो. भांडी घासायच्या स्पंजचा कपटा रंगात बुडवून, जवळजवळ कोरडा करून कडांवर टेकवायचा, म्हणजे रंगाचे टवके उडाल्यासारखं दिसतं. शेपटीकडचा जळका पत्रा निळसर करायचा, त्यामागं काजळी धरायची. खडू किसून वाळवंटाची धूळ केली आणि कोरड्या ब्रशनं बसवली. डाव्या पंखावर बुटांचे ठसे उमटवले, चाकांपाशी तेलाचे काळे ओघळ सोडले. एकेक डाग त्यांनी भिंग लावून तपासला. नैसर्गिक वाटला नाही की पुसून पुन्हा. केसरबाई म्हणाल्या, "टाकी बाद करीत होते, आता डाग बाद करतेत."

मंडळानं दसऱ्याला मिगच्या निरोपाचा कार्यक्रम ठरवला होता. सोनाजी स्वतः आप्पासाहेबांकडे गेले. विमान देतो, म्हणाले, काचेच्या पेटीत ठेवा, आणि खाली नाव माझ्या भावाचं लिहा. आप्पासाहेब माणूस वाईट नाही. पांढरे कपडे, पांढरे बूट, पांढरा रुमाल. फौजेत हेडक्लार्क होते, नीटनेटकेपणा रक्तात. त्यांनी फोनवरचा फोटो बघितला आणि चेहरा आंबट केला.

"सोनाजीराव, काम लई बारीक केलंय. पण हे जरा चकाचक करून आणा ना. पाहुणे येणारेत."

"ते तसंच असतंय."

"असतंय हो. पण कार्यक्रमाला आपण न्हाऊन जातो का नाय?"

"माझा भाऊ त्या विमानाला न्हाऊ घालायचा आप्पासाहेब. म्हणून तो कुणाला दिसला नाय. यंदा दिसू द्या."

शब्दाला शब्द वाढला. शेवटी आप्पासाहेब भिडेखातर मळक्या विमानाला कबूल झाले आणि नावालाही. सोनाजी जिंकून घरी आले, तरी आठवडाभर धुसफुसतच होते.

आता राहिला होता शेवटचा हात. मळ पक्का बसावा म्हणून सगळ्यावर न चकाकणारं लॅकर, म्हणजे बिनरंगी लेप, मारावं लागतं. तोवर खडूची धूळ आणि तेलरंग नुसते वर टेकलेले असतात. पण हवा दमट असली की लॅकर वाळताना पांढरी झाक धरतं, हे सोनाजींना पस्तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं. यंदा पाऊस नवरात्रातही ठाण मांडून बसला होता. कोरडा दिवस मिळेपर्यंत लॅकर मारायचं नाही, सोनाजींनी ठरवलं. तत्त्वाचा माणूस. तत्त्व बरोबरच होतं.

रामप्रसाद असताना दर खंडेनवमीला त्याचे पाने, पक्कड, पेचकस मुकुंदवाडीच्या घरात पूजेला मांडले जायचे. तो गेल्यावरही त्याच्या पत्नी अंबिकावहिनींनी ते मोडलं नव्हतं. यंदा विमानही तिथंच पूजेला ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तिथूनच छावणीला न्यावं, असं सोनाजींच्या मनात आलं. अष्टमीला सकाळी स्कूटरवर, दोन पायांमध्ये पेटी धरून, ते अख्खं शहर ओलांडून मुकुंदवाडीला गेले. विमान वहिनींच्या हातात दिलं. "उद्याच्या पूजेचं," एवढंच म्हणाले आणि परतले. हात लावू नका, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही. न लावायच्या वस्तूला कुणी हात लावील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

नवमीला सकाळी ते केसरबाईंना घेऊन पोचले. पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पक्कड, पेचकस, सगळं तेलपाणी करून लखलखीत. मधोमध विमान. तेही लखलखीत. नाकावर हळदीकुंकवाचं बोट, पंखावर झेंडूचं फूल.

सोनाजी दारातच थांबले. केसरबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाशी नेला.

"हे काय केलं वहिनी?"

"धुतलं," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "लई मळ होता भाऊजी. पूजेला तसं ठेवतेत का? कोमट पाण्यात साबण केला, नवा टूथब्रश घेतला. दोन पाणी लागले. पण काडीसुद्धा मोडू दिली नाय, बघा."

सोनाजींनी विमान उचललं आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात फिरवलं. खरोखर काडी मोडलेली नव्हती. नाकावरची सुईएवढी नळी जागेवर होती. कुठं ओरखडा नाही, कुठं साबण राहिलेला नाही. कारखान्यात त्यांनी हे डोळे झाकून पास केलं असतं. खोट सापडत नाही म्हणून त्यांचा राग आणखीच भडकला, आणि माणसानं घरच्या माणसाला कधी बोलू नये ते बोलून गेले.

"अडीच महिने बसवलेला मळ होता तो. दादाच्या कामाची खूण होती. तुमाला ह्या घरात दादाची एक खूण बघवत नाय. वर्दी देऊन टाकली. बूट देऊन टाकले. आता हे धुतलं. धुवा, सगळं धुवून काढा."

"अहो," केसरबाई म्हणाल्या.

"तू गप."

अंबिकावहिनी तशा कमी बोलणाऱ्या. मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसणार, हार स्वीकारायला बोलावलं तर दुसऱ्या कुणाला पुढं ढकलणार. चाळीस वर्षांत त्यांनी दिराला उलट शब्द बोललेला सोनाजींना आठवत नव्हता. त्यांनी हातातली समई खाली ठेवली.

"झालं बोलून? आता बसा."

सोनाजी उभेच राहिले.

"बसा म्हणते ना." सोनाजी बसले. "मळाचं तुमी मला सांगायलात? अठरा वर्षं त्यांची कामावर घालायची डांगरी धुतली म्या. राजस्थानात पाणी टँकरचं. दोन बादल्यांत डांगरी बी, लेकराचे कपडे बी. तेलाचा डाग घासू घासू नखं फुटायची. हाताला इतका वास असायचा की प्रेरणा माझ्या हातची भाकर खायची नाय. दुसऱ्या दिवशी डांगरी स्वच्छ नसली तर बोलणी त्यांना बसायची. त्यांच्या कामाची खूण काढायची, हेच माझं काम होतं भाऊजी. म्या ते नीट केलं, म्हणून खूण राहिली नाय. आता तुमी ब्रशनं तोच मळ लावताव, तर लोक तुमाला कलाकार म्हणतेत. म्या हातानं काढला, तर मला कुणी काय म्हणलं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. रागाला रागच भेटला की रागीट माणसाची मोठी पंचाईत होते.

"आणि तुमी लावलेला चुकीचा होता," वहिनी म्हणाल्या.

"काय चुकीचा?"

"चाकापाशी काळं तेल लावलं तुमी. ते तेल लाल असतंय."

"लाल?"

"चाकं आत घ्यायला असतंय ते. लग्न होऊन आठ दिवस झाले होते. हे घरी आले तर डाव्या खांद्यावर ही एवढी लाल ओल. म्या रगत समजून रडायला लागले. शेजारची बाई पळत आली. हे हसायले आणि म्या रडायले." वहिनींनी डोळे पुसले. "तवापासून कायम डावा खांदा. उजवा कवाच नाय. आणि धूळ बी तशी पिवळी नसती. ज्वारीच्या पिठावाणी असती. रोज चार सुपं झाडायचे मी, मला नाय ठाव व्हय?"

सारा जन्म दुसऱ्यांची खोट काढलेल्या माणसाची खोट निघाली होती, आणि ती बरोबर होती. सोनाजींनी दादाला शंभरदा भरारीबद्दल विचारलं होतं, इंजिनाबद्दल विचारलं होतं. तेल कोणत्या रंगाचं, हे कधी विचारलं नव्हतं. वहिनींना तर काहीच कधी विचारलं नव्हतं. आप्पासाहेबांच्या भाषणात पाना नव्हता म्हणून सभेतून उठून गेलेला माणूस हाच. आता त्यांना स्वतःचाच इतका राग आला की त्यांनी पाटावरचा पाना उचलून पुन्हा जागेवर ठेवला, उगाच.

पूजा धुतलेल्या विमानाचीच झाली. आरती झाल्याबरोबर सोनाजी स्कूटर काढून बजाजनगरला गेले, रंगांची पेटी घेऊन परत आले. वाटेत क्रांती चौकात एका कारवाल्याशी भांडले, त्यानं थोडं बरं वाटलं.

दुपारभर वहिनींच्या पुढच्या खोलीत काम चाललं. वहिनी आणि केसरबाई आत पुरण वाटत होत्या. सोनाजी विचारायचे, वहिनी आतून सांगायच्या, पटलं नाही तर हात पुसत बाहेर यायच्या. पिवळ्या खडूत पांढरा मिसळून त्यांनी पीठ केलं. पहिलं वहिनींनी बाद केलं, दुसरंही केलं. तिसरं चाललं. लाल ओघळ नेमका कुठं, हे मात्र कुणालाच सांगता येईना. खांदा डावा, पण विमानाची बाजू कोणती?

तेव्हा सोनाजी फरशीवर उताणे झोपले. एकोणसाठ वर्षांचा माणूस, सणाचे कपडे, आणि दोन्ही हातांनी छातीवर विमान धरलेलं. "उजव्या हातात पाना," ते छताकडे बघत म्हणाले. "डोकं शेपटीकडं. दोन चाकांच्या मधी." विमान त्यांनी जरा सरकवलं. डावं चाक त्यांच्या डाव्या खांद्यावर आलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी खाली झोपलेल्या दिराकडे बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तिथंच."

लाल रंगाची ट्यूब पेटीत न उघडलेलीच पडून होती. सोनाजींनी ती उघडली आणि डाव्या चाकाच्या खोबणीतून एक बारीक लाल ओघळ सोडला, चाकापर्यंत. बाकी मळ जेवढा एका दुपारीत बसेल तेवढा बसवला. लॅकर मारलं नाही. हवा दमटच होती.

दसऱ्याला सकाळी तिघं रिक्षानं छावणीला निघाले. विमानाची पेटी वहिनींच्या मांडीवर. मंडळाच्या हॉलमध्ये फुलांची कमान, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. काचेची पेटी अजून आली नव्हती, म्हणून विमान व्यासपीठाजवळच्या टेबलावर उघडंच ठेवलं. पुढं पाटी होती, रामप्रसाद डोईफोडे, विमान तंत्रज्ञ. सोनाजींनी पाटीचं शुद्धलेखन तपासलं. बरोबर निघालं, त्याचाही त्यांना थोडा राग आला.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आल्याची गडबड उडाली. आप्पासाहेब सगळ्यावर शेवटची नजर फिरवत टेबलापाशी आले आणि थबकले.

"अरेरे. काहीतरी गळालंय याच्यातून."

त्यांनी तो पांढरा रुमाल काढला, पाण्याच्या ग्लासात कोपरा बुडवला आणि वाकले. सोनाजींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मागून आवाज आला.

"हात काढा आप्पासाहेब."

अख्ख्या मंडळानं अंबिकाबाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आप्पासाहेब वाकलेल्या अवस्थेतच वळले.

"वहिनी, जरासं पुसतो. पाहुणे..."

"तो मळ माझ्या घरचा हाय. पुसायचा असला तर मी पुसीन. आज पुसायचा नाय."

त्या मागच्या रांगेतून उठून पुढं आल्या आणि टेबलाच्या शेजारी उभ्या राहिल्या. आप्पासाहेबांनी ओला रुमाल घडी घालून खिशात ठेवला. पाहुणे आत आले, निवृत्त अधिकारी, हसतमुख माणूस. विमान बघून थांबले, चष्मा वर केला, पाटी वाचली.

"आपले मिस्टर का? विमान चालवायचे?"

"नाय."

"मग?"

सोनाजींच्या कपाळाची शीर ताडकन उभी राहिली. केसरबाईंनी त्यांचा दंड धरला.

"ते ह्याच्याखाली झोपायचे," अंबिकावहिनी म्हणाल्या. त्यांनी विमानाला हात न लावता डाव्या चाकाकडे बोट केलं. "हे तेल त्यांच्या डाव्या खांद्यावर गळायचं, आणि मी ते धुवायचे. खाली वाका, म्हणजे दिसंल."

पाहुणे खाली वाकले.